वाळेपर्यंतचं चित्र

चित्रकलेच्या बाईंचा उत्साह केव्हाच संपला होता, आणि ही गोष्ट त्या कोणापासून लपवतही नव्हत्या. सकाळी शाळेच्या पायऱ्या चढताना त्या तिसऱ्या पायरीवर थांबत, गुडघ्यावर हात ठेवत आणि वर अजून किती उरल्यात ते मोजत. पायऱ्या एकंदर चौदाच होत्या. अठ्ठावीस वर्षांत त्यांत एकीचीही भर पडली नव्हती, तरी हल्ली बाईंना तसा संशय येई. निवृत्तीला दोन वर्षं उरली होती. ती ढकलायची, असं त्या म्हणत, आणि खरोखरच ढकलत होत्या.

चित्रकलेचा तास आठवड्यातून दोनदा, जेवणाच्या सुट्टीनंतर, म्हणजे ज्या वेळी मुलं पेंगतात आणि शिक्षक त्यांच्याहून जास्त पेंगतात. या तासाला पूर्वी सामान मिळायचं. वर्षाच्या सुरुवातीला कचेरीतून एक खोकं यायचं, त्यात कागद, रंग, ब्रश सगळं असायचं. मग एका वर्षी खोकं अर्धंच आलं. पुढच्या वर्षी त्यात नुसते खडू निघाले. त्याच्या पुढच्या वर्षी खोकंही आलं नाही. बाईंनी अर्ज केले, कचेरीने वाटाण्याच्या अक्षता लावल्या. बाईंनी पुन्हा अर्ज केले, कचेरीनेही आपला शिरस्ता सोडला नाही. शेवटी बाईंनी हात टेकले, आणि अर्जासाठी आणलेले कोरे कागद मुलांना चित्रं काढायला देऊन टाकले. ते एका आठवड्यात संपले.

शाळेच्या मागे एक लांबलचक भिंत होती. करड्या सिमेंटचा गिलावा केलेली, आणि रंग द्यायचा राहून गेलेली. एका दुपारी शिपाईमामा मागच्या अंगणात पाणी मारत होते. पाणी भिंतीवर उडालं आणि करड्यावर काळपट ओला डाग उमटला. बाईंना तो डाग थेट बदकासारखा वाटला. त्यांनी बादलीत बोट बुडवलं आणि बदकाला पाय काढले. पाय काढून होईतो डोकं वाळून गेलं होतं. बाई तिथेच उभ्या राहिल्या. तेव्हा त्यांचे गुडघे चांगले होते आणि डोकंही भराभर चालायचं.

या गोष्टीला दहा वर्षं झाली. तेव्हापासून त्या शाळेतली मुलं पाण्याने चित्रं काढत होती. पावडरच्या रिकाम्या डब्यांत पाणी. काडीला चिंधी गुंडाळली की जाड ब्रश, झाडूच्या चार काड्या दोऱ्याने बांधल्या की केस आणि गवत काढायचा ब्रश, आणि मोठ्या बाईंच्या खुर्चीच्या फाटक्या गादीतून काढलेला स्पंजाचा तुकडा ढगांसाठी. मोठ्या बाई म्हणजे मुख्याध्यापिका. आपली गादी रोडावत का चाललीय हे त्यांना कळलेलं नव्हतं, आणि चित्रकलेच्या बाईंनी ताकास तूर लागू दिली नव्हती.

उन्हाळ्यात चित्र पन्नास आकडे म्हणेपर्यंत टिकायचं, थंडीत दोनशे. मुलं मोठ्याने मोजायची. मोजता मोजता त्यांना आपोआप शहाणपण आलं. मोठं आहे ते आधी काढायचं, बारीक नंतर, आणि आपल्याला सगळ्यात आवडतं ते अगदी शेवटी, कारण शेवटी काढलेलं शेवटपर्यंत दिसतं. चित्र वाळून भिंत पुन्हा करडी झाली की सगळे ओरडत, "जागा झाली!" मग रांगेतलं पुढचं पोर डबा घेऊन भिंतीशी जाई. चित्र गेलं म्हणून कोणी रडत नसे. रडायचं असतं हेच कोणाला ठाऊक नव्हतं.

सुरुवातीला बाईंना वाईट वाटायचं. एखाद्या मुलाने काढलेली म्हातारी किंवा बोकड असा काही उतरलेला असायचा की धावत जाऊन त्यावर काच ठेवावी असं वाटे. पण दर आठवड्याला वाईट वाटून घ्यायलाही अंगात जोर लागतो. पुढे पुढे त्या खुर्ची टाकून सावलीत बसू लागल्या. चित्र चांगलं झालं की "बरं आहे" म्हणायच्या. हे त्यांचं सर्वांत मोठं बक्षीस होतं आणि मुलांनाही ते माहीत होतं.

हे बक्षीस अलीकडे एकाच पोरीला जास्त मिळत असे. तिला सगळे मुंगी म्हणत, कारण ती अंगाने एवढीशी आणि हातात नेहमी स्वतःहून मोठं काहीतरी, भावंड तरी नाहीतर पाण्याची कळशी तरी. मुंगीला चार फटकाऱ्यांत माणूस काढता यायचा. नुसता माणूस नाही, अमुकच माणूस. शिपाईमामांचा एक खांदा खाली असतो हे शाळेला तिच्यामुळे कळलं.

एका सोमवारी मोठ्या बाईंनी चित्रकलेच्या बाईंना खोलीत बोलावलं आणि कचेरीचं टंकलिखित पत्र पुढे सरकवलं. ज्या विषयांत विद्यार्थ्यांनी केलेलं काम दाखवता येणार नाही, ते विषय पुढच्या सत्रापासून वेळापत्रकातून काढले जातील, असा त्याचा मथितार्थ होता. गुरुवारी कचेरीतले साहेब पाहायला येणार होते.

मोठ्या बाईंनी विचारलं की दाखवायला काय आहे. बाई म्हणाल्या, भिंत आहे. मोठ्या बाईंनी खिडकीतून भिंतीकडे पाहिलं. ती पूर्ण कोरी होती.

संध्याकाळी घरी आल्यावर बाईंनी हे ताईला सांगितलं. ताई म्हणजे त्यांची थोरली बहीण. दोघी दोन खोल्यांत एकत्र राहत, एक शाळेत जाई आणि दुसरी घर चालवून शाळेवर टीका करी. ताई म्हणाली, "सुटलीस बघ. गुडघ्यांचे हाल करून भर दुपारी अंगणात बसायचं, आणि कशासाठी तर पाणी वाळताना बघायला. करू देत बंद."

बाईंना ते पटलं. खरंच पटलं. तास बंद झाला तर दोन दुपारी आत पंख्याखाली बसून काढता येणार होत्या, आणि त्यात त्यांचा काही दोषही नव्हता. त्यांनी जेवून घेतलं, भांडी पुसली, आणि मग काय मनात आलं कोण जाणे, स्टुलावर चढून माळ्यावरची लाकडी पेटी ओढायला लागल्या. ताईने स्टूल धरलं आणि तोंडाचा पट्टा सोडला. गुडघे काय, वय काय, पडलीस तर उचलणार कोण. पेटी खाली आल्यावर मात्र ती गप्प झाली. त्या पेटीत काय आहे हे तिला ठाऊक होतं.

पेटीत रंगाच्या पाच बाटल्या होत्या, लाल, पिवळा, निळा, पांढरा, काळा. जाड, खरखरीत कागदाची गुंडाळी होती, मोजून अकरा कागद. बाईंनी हे सामान नोकरीच्या पहिल्या वर्षी घेतलं होतं, स्वतःसाठी. त्यांना आईचं एक चित्र काढायचं होतं. आई दाराच्या उंबऱ्यात पाठमोरी बसून केस विंचरायची, तसंच. निवांतपणी काढू, घाईत नको, म्हणून ते राहिलं. मग आई गेली, मग कामं वाढली, आणि मग निवृत्तीनंतर काढू असं ठरलं. अठ्ठावीस वर्षं ती पेटी माळ्यावर नुसती वाट बघत होती.

"आईचं चित्र?" ताईने विचारलं.

"कागद कमी पडतील तसेही," बाई म्हणाल्या. हे उत्तर नव्हतं.

बाटल्यांतले रंग वाळून खडखडीत झाले होते. बाईंनी त्यांत थोडं थोडं कोमट पाणी घातलं आणि सुरीच्या टोकाने ते ढवळत राहिल्या. ताईनेही शेवटी निळ्याची बाटली ओढून घेतली आणि बडबडत का होईना, ढवळायला बसली. मंगळवारी संध्याकाळपर्यंत रंग जिवंत झाले. एकाही बाटलीत अर्ध्याच्या वर काही नव्हतं, पण होतं ते चांगलं दाट होतं.

बुधवारी मुलांना वर्गात बसवून बाईंनी सामान वाटलं. मुलं तेहेतीस, कागद अकरा, म्हणजे तिघांत एक. रंग वाट्यांत काढून दिले. सांडायचं नाही, भांडायचं नाही, ब्रश एका रंगातून दुसऱ्यात बुडवायचा नाही, जे आवडेल ते काढा, आपापली पाळी घ्या, असं सगळं त्यांनी दोनदा बजावून सांगितलं. मुलांनी मान डोलावली. रंगाकडे ती अशी बघत होती की बाईंनाच जरा लाज वाटली. इतक्यात शिपाईमामा बोलवायला आले. साहेबांना कुठे बसवायचं, टेबलावर काय अंथरायचं, यावर मोठ्या बाईंचं घोडं अडलं होतं. बाई गेल्या आणि अर्ध्या तासाने परत आल्या.

वर्गात शांतता होती. सगळी मुलं खाली वाकून काम करत होती. बाईंनी पहिला कागद पाहिला. तो चिखलाच्या रंगाचा होता. दुसरा पाहिला, तोही. अकराच्या अकरा कागद वरपासून खालपर्यंत गढूळ, तपकिरी, ओलेकिच्च झाले होते, आणि त्यावर मुलं अजूनही मन लावून काढत होती. वाट्यांच्या बुडाला रंग दिसेनासा झाला होता.

मुंगी उठून उभी राहिली. तिच्या कपाळावर घाम आला होता. बाईंना वाईट वाटू नये अशा बेताने तिने तक्रार केली, "बाई, हे पाणी खराब आहे. वाळतं, पण जागाच होत नाही."

बाईंना कळायला क्षणभर लागला. आपण काय काय सांगितलं ते त्यांनी मनात आठवून पाहिलं. सांडू नका, भांडू नका, पाळी घ्या. काढलेलं चित्र राहतं, हे सांगायचं असतं हे त्यांच्या डोक्यातही आलं नव्हतं. पुस्तकातली चित्रं राहतात हे मुलांना माहीत होतं, पण ती छापखान्याची. आपल्या हातचं चित्र जाणारं असतं, हे दहा वर्षांत शाळेतल्या हातांच्या अंगवळणी पडलेलं होतं. एकाने काढलं, मोजलं, वाळलं, पुढच्याची पाळी आली. जागा झाली नाही तरी पाळी ही पाळी. मुलांनी बाईंचं अक्षरशः ऐकलं होतं.

बाई एका लहानशा बाकावर बसल्या. रागवावं असं त्यांना वाटलं, पण रागवायचं कोणावर? त्यांनी विचारलं, खाली काय काय होतं. मग तेहेतीस तोंडं एकदम सुटली. इथे आधी विहीर होती, तिच्यावर मोठ्या बाई, त्यांच्यावर पाऊस. इथे आमचं घर होतं आणि घरावर रेडा. कागदाच्या कडांना, जिथे ब्रश पोचला नव्हता, तिथे कुठे निळं शेपूट, कुठे लाल बोट, कुठे अर्धा डोळा शिल्लक होता. बाईंनी सगळ्यांचं ऐकून घेतलं. इतकं थकल्यासारखं त्यांना बऱ्याच दिवसांत वाटलं नव्हतं. आईचं चित्र त्या अकरा कागदांच्या कुठल्या तरी थराखाली गेलं होतं, न काढताच.

मोठ्या बाईंनी कपाळाला हात लावला. दुसऱ्या एका शाळेतून पाच-सहा चित्रं मागून आणावीत, साहेबांना काय कळतंय, असं त्यांनी सुचवलं. बाई नको म्हणाल्या. त्यात तत्त्व वगैरे फारसं नव्हतं. खोटं बोलायचं तर ते नीट लक्षात ठेवावं लागतं, आणि तेवढं त्राण त्यांच्यात उरलं नव्हतं.

गुरुवारी दुपारी साहेब सायकलवरून आले. बाईंना वाटलं होतं कोणीतरी तडफदार गृहस्थ असेल. हा तर पाठीत वाकलेला, काखेत फाइल धरलेला, पायऱ्यांवर मध्येच थांबून खोकणारा माणूस निघाला. तोही कितव्या पायरीवर थांबतो हे बाईंनी नकळत मोजलं.

टेबलावर अकरा कागद मांडले होते. साहेबांनी ते एकेक करून पाहिले, एक उलटून मागची बाजूही पाहिली, आणि विचारलं, "बाई, हे काय आहे?"

"चित्रं आहेत," बाई म्हणाल्या. "एकावर एक. प्रत्येक कागदावर सहा-सात तरी असतील."

"एकावर एक का?"

"माझ्या मुलांना चित्र राहतं हे माहीतच नाही, साहेब. ते मी त्यांना शिकवलेलं नाही. शिकवायला सामान नव्हतं."

साहेबांनी कागद परत टेबलावर ठेवला. "मग शिकवलंत काय?" त्यांनी विचारलं. विचारण्यात खोच नव्हती, त्यांना खरंच जाणून घ्यायचं होतं.

बाई त्यांना मागच्या अंगणात घेऊन गेल्या. ऊन कडक होतं आणि भिंत तापलेली. बाईंनी मुंगीला पुढे बोलावलं. मुंगीने साहेबांना एकदा नीट न्याहाळून घेतलं, डब्यात चिंधी बुडवली आणि भिंतीला भिडली. मागे मुलं मोजू लागली. दहा म्हणेपर्यंत वाकलेली पाठ आली, वीसपर्यंत काखेतली फाइल, तिसाला रुमालात खोकणारा चेहरा. मग पाठ वाळायला लागली आणि मुंगीने झाडूची काडी घेऊन उजव्या पायाशी एक छोटी, वळलेली रेघ ओढली. साहेबांनी आपल्या पायाकडे पाहिलं. सायकलच्या साखळीत विजार अडकू नये म्हणून लावलेली क्लिप काढायची राहून गेली होती. तीच मुंगीला सगळ्यात आवडली होती.

साहेब हसले, आणि हसता हसता खोकले. मोठ्या बाईंना बोलवा, त्यांनीही बघू दे, असं ते घाईघाईने म्हणाले. मामा धावले. मोठ्या बाई येईपर्यंत भिंतीवर फक्त ती क्लिप राहिली होती. मोठ्या बाईंनी त्या वळलेल्या रेघेकडे पाहिलं आणि छान आहे म्हणाल्या. मुख्याध्यापकांना असं म्हणायची सवय असते.

निघताना साहेब पायरीवर रेंगाळले. "मी पाहिलं हो, बाई," ते म्हणाले. "पण मी पाहून भागत नाही. अहवालाला काहीतरी जोडावं लागतं." बाईंनी अकरांतला एक कागद गुंडाळून त्यांच्या हातात दिला. त्यांनी तो फाइलबरोबर काखेत धरला आणि सायकल हातात घेऊन चालतच गेले.

पंधरा दिवसांनी पत्र आलं. विद्यार्थ्यांचे काम टिकाऊ स्वरूपात आढळले नाही, सबब हा विषय पुढील सत्रापासून वगळण्यात येत आहे. त्या दोन दुपारी गणित होणार होतं आणि बाईंनी ग्रंथालयात बसून पुस्तकांना चिठ्ठ्या डकवायच्या होत्या, सावलीत, पंख्याखाली.

"झालं ना मनासारखं?" ताईने विचारलं. बाईंनाही वाटलं होतं की सुटल्यासारखं वाटेल. ते वाटलं नाही. जेवता जेवता त्यांनी ताट बाजूला सारलं आणि म्हणाल्या, "मला नकोय बंद व्हायला." इतक्या वर्षांत हे त्या पहिल्यांदाच बोलत होत्या, आणि तेही ताईला, जिच्या हातात काहीच नव्हतं. ताईने उठून त्यांच्या पाठीवरून हात फिरवला आणि ताट झाकून ठेवलं.

सत्रातला शेवटचा तास शुक्रवारी आला. मुलं नेहमीसारखी डबे घेऊन भिंतीशी रांगेत उभी राहिली. त्यांना बाईंनी काही सांगितलं नव्हतं, सोमवारी नव्या सत्राचं वेळापत्रक सांगणारच होतं. मामांनी खुर्ची आणून सावलीत ठेवली. बाई खुर्चीत बसल्या नाहीत. रांगेच्या तोंडाशी मुंगी होती. तिच्या हातातली चिंधीची काडी त्यांनी मागून घेतली. दहा वर्षांत बदकाच्या पायांनंतर त्यांनी त्या भिंतीला हात लावला नव्हता.

त्यांनी आधी उंबरा काढला, मोठा म्हणून. मग पाठ, मग मान. गुडघा ठणकत होता आणि हात जड झाला होता, पण रेघ सुटत नव्हती. निवांतपणाची काही गरज नव्हती, हे त्यांना आता कळत होतं. मुलं नेहमीच्या मोठ्या आवाजात न मोजता पुटपुटल्यासारखी मोजत होती. केस काढायला मुंगीने न मागता झाडूच्या काड्या पुढे केल्या. उंबरा वाळला, पाठ वाळायला लागली, तेव्हा बाईंनी शेवटी फणी धरलेला हात काढला. आईच्या करंगळीला बाक होता. बाईंना सगळ्यात आवडायचा तो बाकच.

मग त्या मागे सरून बघत राहिल्या. केस गेले, मान गेली. फणी गेली. करंगळी जराशी रेंगाळली आणि तीही गेली. भिंत करडी झाली, आणि बाईंच्या डोळ्यांना पाणी आलं. मुलांनी कधी असं पाहिलं नव्हतं. चित्र गेल्यावर कोणी रडतं हे त्यांना नवीन होतं. नेहमीसारखं ओरडायचं की नाही ते त्यांना समजेना.

शेवटी मुंगी जवळ आली, आपला डबा दोन्ही हातांनी धरून, आणि हलक्या आवाजात म्हणाली, "बाई, जागा झाली."

"बरं आहे," बाई म्हणाल्या. त्यांनी काडी तिच्या हातात दिली आणि त्या भिंतीसमोरून बाजूला झाल्या.